पेशंटला मुद्दाम मलेरिया देणाऱ्या डॉक्टरला नोबेल मिळालं होतं, त्याची गोष्ट

१४ जून १९१७. पहिलं महायुद्ध सुरू होतं. व्हिएन्नातल्या मानसोपचार क्लिनिकमध्ये बाल्कनच्या आघाडीवरून परत आलेला एक सैनिक तापाने फणफणत पडला होता. एक दिवसाआड हुडहुडी भरायची, अंग भाजून निघायचं, मग घामाने चादर भिजायची. आपल्याकडची कुठलीही आजी बघून सांगेल, हा हिवताप. म्हणजेच मलेरिया. असिस्टंट डॉक्टरने साहेबांना विचारलं, याला क्विनाइन सुरू करायचं का?

साहेब नको म्हणाले.

उलट त्यांनी त्या सैनिकाचं थोडं रक्त काढलं आणि क्लिनिकमधल्या मानसिक रुग्णांच्या दंडावर बारीक ओरखडे काढून ते त्यात चोळलं. ज्यांना मलेरिया नव्हता त्यांना मलेरिया दिला. चुकून नाही, मुद्दाम.

बरोबर दहा वर्षांनी, १९२७ साली, याच कामासाठी या साहेबांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मानसोपचारतज्ज्ञाला मिळालेलं ते पहिलं नोबेल.

त्यांचं नाव युलियस वाग्नर-याउरेग. नाव लांबलचक आहे, त्यामुळे पुढे नुसतं वाग्नर म्हणू. संगीतकार वाग्नर वेगळे, त्यांचा यांच्याशी काही संबंध नाही.

ही गोष्ट आज सांगायचं कारण म्हणजे, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभरातल्या लॅबमध्ये एका प्रश्नावर जोरात काम सुरू आहे. डिप्रेशन, स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारख्या आजारांचा शरीरातल्या दाहाशी, म्हणजे ज्याला इंग्रजीत इन्फ्लमेशन म्हणतात त्याच्याशी, काही संबंध आहे का? या प्रश्नाचा माग काढत मागे गेलं की वाट हमखास वाग्नर यांच्या दारावरून जाते.

सायकियाट्री करायचीच नव्हती

वाग्नर यांचा जन्म ७ मार्च १८५७ चा. गाव वेल्स, ऑस्ट्रियाच्या वरच्या भागातलं. वडील सरकारी अधिकारी. पुढे १८८३ मध्ये वडिलांना उमरावपद मिळालं आणि घराण्याच्या नावापुढे 'याउरेग' लागलं.

मुलगा १८७४ मध्ये डॉक्टरकी शिकायला व्हिएन्नाला आला. तेव्हाचं व्हिएन्ना म्हणजे वैद्यकशास्त्राची पंढरी. तिथे साल्मोन श्ट्रिकर या प्राध्यापकांच्या लॅबमध्ये हा मुलगा प्राण्यांवरचे प्रयोग शिकला. त्याच लॅबमध्ये त्याच्यापेक्षा एक वर्षाने मोठा असलेला आणखी एक विद्यार्थी काम करायचा. त्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड.

दोघांची ओळख आयुष्यभर टिकली, पण वाटा पार उलट्या दिशेला गेल्या. फ्रॉइड यांनी मन समजून घ्यायला पेशंटशी बोलणं निवडलं. वाग्नर यांना या बोलण्यात फारसा रस नव्हता. त्यांचं म्हणणं साधं होतं, मेंदू हा शरीराचा भाग आहे, तर मनाच्या आजाराचं कारण आणि औषध दोन्ही शरीरातच शोधायला हवं.

खरं तर त्यांना मानसोपचारतज्ज्ञ व्हायचंच नव्हतं. पोटाचे, छातीचे आजार बघणारा फिजिशियन व्हायचं होतं. तिथे जागा मिळेना, म्हणून १८८३ मध्ये त्यांनी व्हिएन्नाच्या मानसोपचार क्लिनिकमध्ये असिस्टंटची नोकरी धरली. नाइलाजाने पकडलेली ही नोकरी पुढे जन्मभर पुरली.

धावरे झालं आणि वेड गेलं

त्या काळी मनोरुग्णालयात इलाज म्हणजे काय होतं? फारसं काहीच नव्हतं. झोपेची औषधं, गार-गरम पाण्याच्या आंघोळी आणि बंद दरवाजे. मेंदूचे बारीक काप करून मायक्रोस्कोपखाली बघणारे मोठमोठे प्राध्यापक होते, पण ते पेशंट मेल्यानंतर.

अशा वॉर्डात नव्या असिस्टंटला एक विचित्र गोष्ट दिसली. गंभीर मानसिक आजार असलेल्या एका बाईला धावरे झालं. धावरे म्हणजे जंतूंमुळे होणारा त्वचेचा आजार. कातडी लालबुंद होते, सुजते आणि सणकून ताप येतो. त्या बाईलाही आला. आणि ताप उतरल्यावर तिचं मनही ठिकाणावर आलेलं होतं.

दुसरा कुणी असता तर योगायोग म्हणून पुढे गेला असता. वाग्नर यांनी जुनी कागदपत्रं उपसली. मोठ्या तापानंतर मानसिक आजार उतरल्याच्या नोंदी त्यांना ठिकठिकाणी सापडल्या. ही समजूत तशी ग्रीक वैद्यांच्या काळापासूनची आहे. ओडेसामधल्या रोझेनब्लूम नावाच्या डॉक्टरनेही त्यांच्या आधी दहाएक वर्षं असा प्रयत्न करून पाहिला होता. म्हणजे कल्पना एकट्या वाग्नर यांची नव्हे. पण चिकाटी त्यांची.

१८८७ मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला. त्यात त्यांनी थेट सुचवलं की तापाची वाट कशाला बघायची, तापच देऊन बघू. धावरे देता येईल, मलेरियाही देता येईल. तेव्हा ते तिशीत होते. मलेरियाचा प्रत्यक्ष प्रयोग करायला मात्र आणखी तीस वर्षं गेली.

मधल्या काळात त्यांनी धावऱ्याचे जंतू टोचून पाहिले, ते जमलं नाही. १८९० मध्ये रॉबर्ट कॉख यांनी टीबीवर औषध म्हणून ट्युबरक्युलिन आणलं. टीबीवर ते चाललं नाही, पण ते टोचल्यावर ताप मात्र यायचा. वाग्नर यांनी ते मानसिक रुग्णांना दिलं. काहींना फरक पडला, पण बरेच जण पुन्हा आजारी पडले. शिवाय औषधाचेच दुष्परिणाम होते.

मिठाची गोष्ट

१८८९ मध्ये त्यांना ग्राझ शहरात प्रोफेसरची जागा मिळाली. त्या डोंगराळ भागात गलगंडाचे पेशंट गावोगाव होते. त्याच गावांमध्ये बुद्धीची आणि अंगाची वाढ खुंटलेली मुलंही जन्माला यायची. वाग्नर यांचं म्हणणं पडलं की दोन्हींचं मूळ गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत आहे आणि मिठात थोडं आयोडीन घातलं तर हे टळेल.

त्यांचं हे म्हणणं सरकारदरबारी पोचायला वेळ लागला, पण १९२३ मध्ये ऑस्ट्रियात आयोडीन घातलेलं मीठ विकायला सुरुवात झाली. नोबेल मलेरियाच्या कामाला मिळालं हे खरं. पण त्यांच्या कुठल्या कामाने कुणाला इजा न करता सगळ्यांत जास्त लोकांचं भलं केलं असं विचारलं, तर उत्तर बहुतेक मीठ हेच येईल.

१८९३ मध्ये ते व्हिएन्नाला परतले, क्लिनिकचे प्रमुख म्हणून. मोठ्या मिशा, कमी बोलणं, कडक शिस्त, असा त्यांचा एकूण बाज होता.

तो आजार नेमका कोणता

आता त्या मलेरियावाल्या पेशंटना काय झालं होतं ते बघू. कारण इथे एक महत्त्वाची मेख आहे.

त्या आजाराला जनरल पॅरालिसिस म्हणायचे. चाळिशीच्या आसपासचा धडधाकट माणूस हळूहळू बदलायला लागायचा. कुणी अचानक स्वतःला करोडपती समजून पैसे उधळायचा, कुणी आपण सम्राट आहोत म्हणायचा. मग बोलताना जीभ अडखळायची, हात थरथरायचे, स्मरणशक्ती जायची. शेवटी अंथरूण. निदान झाल्यापासून तीन-चार वर्षांत मृत्यू ठरलेला. व्हिएन्नातला नावाजलेला संगीतकार हुगो वोल्फ याच आजाराने १९०३ मध्ये मनोरुग्णालयात वारला. फ्रेंच कथाकार मोपासां यांचा शेवटही १८९३ मध्ये उपदंशाने असाच झाला.

या आजाराच्या मुळाशी उपदंश, म्हणजे सिफिलिस आहे असा संशय बऱ्याच काळापासून होता. १९०५ मध्ये उपदंशाचा जंतू सापडला. १९१३ मध्ये हिदेयो नोगुची आणि जोसेफ मूर या दोघांनी जनरल पॅरालिसिसने मेलेल्या पेशंटच्या मेंदूतच तो जंतू दाखवून दिला. वेड लागल्यासारखं वागणाऱ्या माणसाच्या मेंदूत खरोखरचा जंतू बसलेला आहे, हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

पण नुसता जंतू दिसून भागत नाही. जंतू मेंदूत बसल्यावर नेमकं होतं काय?

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्यांना मेंदूचे वॉचमन म्हणा. एरवी त्या शांतपणे गस्त घालतात, कचरा उचलतात. बाहेरचा कुणी घुसला की त्यांचा आकार बदलतो आणि त्या लढायला उतरतात. लढताना दोन गोष्टी सोडतात. एक, सायटोकाइन नावाची प्रथिनं, म्हणजे इतर पेशींना धाडलेले 'धावा, हल्ला झालाय' असे मेसेज. दोन, ऑक्सिजनपासून बनलेले अतिशय चिडखोर रेणू, ज्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. हे रेणू जंतूला जाळतात.

अडचण अशी की ते आपलं-परकं ओळखत नाहीत. शेजारच्या चेतापेशीलाही ते तितकेच पोळतात. कापून ठेवलेलं सफरचंद तपकिरी पडतं किंवा लोखंड गंजतं, ती क्रिया याच जातकुळीतली. शरीर या गंजाला आवर घालायला ग्लुटाथायोनसारखी स्वतःची द्रव्यं बनवत असतं. पण गंज जास्त आणि आवर कमी अशी वेळ आली की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

मेंदू या बाबतीत फार नाजूक अवयव आहे. वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन वापरतो वीस टक्के. त्यात त्याच्या पेशींची आवरणं अशा चरबीची, जी लवकर खराब होते. आणि संरक्षणाची द्रव्यं यकृतासारख्या अवयवाच्या मानाने कमी. जनरल पॅरालिसिसच्या पेशंटच्या मेंदूत त्या काळच्या डॉक्टरांना वाढलेल्या, लांबट झालेल्या मायक्रोग्लिया दिसायच्या आणि त्यांच्यात साठलेलं लोहसुद्धा दिसायचं. लोह मोकळं असलं की फ्री रॅडिकल आणखी तयार होतात, हे आज माहीत आहे. तेव्हा मात्र तो फक्त मायक्रोस्कोपखाली दिसणारा एक डाग होता.

थोडक्यात, सम्राट असल्याचा भास होणाऱ्या त्या माणसाच्या मेंदूत वर्षानुवर्षं एक चूल धुमसत होती.

नऊ जण

१९१७ च्या प्रयोगात वाग्नर यांनी एकूण नऊ पेशंटना मलेरिया दिला. सैनिकाकडून पहिल्याला, पहिल्याकडून दुसऱ्याला, अशी रक्ताची साखळी केली. डासाची गरजच नव्हती. मलेरिया डासामुळे पसरतो याचा महत्त्वाचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला मिळाला होता, पण इथे डासाचं काम सुई करत होती.

याचा एक फायदाही होता. डास चावून आलेल्या या प्रकारच्या मलेरियाचे परजीवी यकृतात दडून बसतात आणि पुन्हा उलटतात. थेट रक्तातून दिलेला मलेरिया यकृतात शिरत नाही. त्यामुळे सात ते बारा वेळा ताप येऊ द्यायचा आणि मग क्विनाइन देऊन थांबवायचा, असं करता यायचं. ताप एकेचाळीस अंश सेल्सिअसपर्यंत जायचा.

नऊपैकी सहा जणांमध्ये ठळक सुधारणा दिसली. काही जण कामावर परतले. पण त्यातल्या काहींचा आजार पुन्हा उलटला. एक जण दगावला.

तरीही या आजारात कुणी कामावर परतणं ही अशक्य कोटीतली गोष्ट होती. वाग्नर यांनी पुढचे पेशंट घेतले आणि तिथे घात झाला. रक्त देणाऱ्या माणसाला साधा नव्हे, तर जिवावर बेतणाऱ्या जातीचा मलेरिया होता. तो क्विनाइनला दाद देईना. पेशंट मेले. प्रयोग बंद ठेवावा लागला. १९१९ मध्ये रक्त नीट तपासून तो पुन्हा सुरू झाला.

या सगळ्यात पेशंटला कुणी विचारलं का? आज ज्याला संमती म्हणतात, तशी कुणी घेतली नाही. ज्यांचं भान गेलेलं आहे, ज्यांचं मरण ठरलेलं आहे, त्यांच्यावर काय करायचं ते डॉक्टर ठरवणार, हे तेव्हा गृहीतच होतं. वाग्नर यांच्या बाजूने इतकंच म्हणता येईल की दुसरा इलाज नव्हता. त्यांच्या विरोधात इतकंच पुरेसं आहे की मेलेल्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत आणि नोबेल सगळ्यांच्या लक्षात आहे.

सैनिकांना शॉक आणि साक्षीला फ्रॉइड

युद्ध संपलं तसं वाग्नर यांच्यासमोर वेगळंच लचांड उभं राहिलं. बॉम्बच्या आवाजाने थरथर कापणारे, वाचा गेलेले, पाय हलेनासे झालेले हजारो सैनिक युद्धकाळात दवाखान्यात येत होते. ते सोंग घेतात असा लष्कराला संशय. वाग्नर यांच्या क्लिनिकमध्ये अशा सैनिकांना विजेचे झटके दिले जायचे आणि एकांतात कोंडलं जायचं. एका लेफ्टनंटने युद्धानंतर तक्रार केली आणि १९२० मध्ये चौकशी आयोग बसला.

आयोगाने तज्ज्ञ म्हणून बोलावलं कुणाला? लॅबमधल्या जुन्या मित्राला. फ्रॉइड यांनी विजेच्या उपचारावर टीका केली, पण वाग्नर यांनी हे क्रूरपणाने केलं असं मानायला नकार दिला. आयोगाने वाग्नर यांना निर्दोष ठरवलं. म्हणजे पेशंटशी बोलायचं तत्त्वज्ञान मांडणाऱ्या माणसाने, न बोलता झटके देणाऱ्या माणसाला वाचवलं. निकालाने सगळ्यांचं समाधान झालं नाही आणि इतिहासकारांचं अजूनही झालेलं नाही.

ताप नेमकं काय करत होता

विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात मलेरियाचा इलाज युरोप-अमेरिकेत पसरला. १९२२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सुरू झाला, इंग्लंडमध्ये सुरू झाला. एप्समजवळच्या हॉर्टन हॉस्पिटलमध्ये तर यासाठी मुद्दाम डास पाळले जायचे. काही दवाखान्यांत शंभरातले दहा-पंधरा पेशंट उपचारातच मरायचे. तरी डॉक्टर आणि नातेवाईक तयार व्हायचे, कारण समोर दुसरा पर्याय म्हणजे खात्रीचं मरण होतं.

१९२७ च्या नोबेलआधी समितीत यावर वाद झाले होते. स्वीडनचे मानसोपचारतज्ज्ञ ब्रोर गाडेलियस यांना, रुग्णाला आणखी एक रोग देणाऱ्या डॉक्टरचा गौरव करणं मान्य नव्हतं. शेवटी पारितोषिक मिळालंच.

पण इलाज चालत का होता, हे वाग्नर यांनाही नक्की सांगता आलं नाही. एक शक्यता म्हणजे उपदंशाचा जंतू उष्णतेला कच्चा आहे, तो तापात मरतो. दुसरी म्हणजे मलेरियामुळे रोगप्रतिकारशक्ती खडबडून जागी होते आणि इतकी वर्षं जमलं नाही ते काम उरकते. बहुधा दोन्हींचा वाटा असावा. बऱ्या झालेल्या पेशंटच्या पाठीतलं पाणी काढून तपासलं की त्यातल्या दाहाच्या खुणा हळूहळू कमी होत गेलेल्या दिसायच्या. चुलीतलं लाकूडच संपलं, मग धूर थांबला.

आता इथे एक कोडं आहे. दाहामुळे मेंदू बिघडत होता, तर ताप म्हणजे आणखी दाह. मग आगीने आग विझली कशी? फरक वेळेचा आहे. ताप हा थोड्या दिवसांचा जोरदार हल्ला असतो, काम झालं की शरीर तो स्वतः आवरतं. वर्षानुवर्षं मंद धुमसणारा दाह आवरलाच जात नाही, आणि नुकसान तो करतो.

वाग्नर यांना वाटत होतं तसा ताप हा सगळ्या मानसिक आजारांवरचा उतारा ठरला नाही. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना मलेरिया देऊन काही साधलं नाही. जिथे मुळात जंतू होता तिथेच तो चालला. म्हणजे त्यांचं औषध एका आजारापुरतं होतं. पण शरीरातली लढाई मनात उतरते, हा त्यांचा मूळचा अंदाज मात्र त्या एका आजारापुरता राहिला नाही.

साधं उदाहरण घ्या. हिवताप किंवा डेंग्यू झाला की काय होतं? अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, जेवण नको, कुणाशी बोलणं नको, आवडत्या गोष्टीतही मन लागत नाही. हे जंतू करत नाही. रक्तातले सायटोकाइन मेंदूपर्यंत मेसेज पोचवतात आणि मेंदू शरीराला पडून राहायला सांगतो. आता हीच यादी डिप्रेशनच्या लक्षणांशेजारी ठेवून बघा.

याचा धडधडीत पुरावा हेपटायटिस सीच्या पेशंटमध्ये मिळाला. त्यांना बरीच वर्षं इंटरफेरॉन अल्फा नावाचं सायटोकाइनच औषध म्हणून दिलं जायचं. साधारण चारातल्या एकाला त्यातून डिप्रेशन यायचं, ज्यांना आधी कधी नव्हतं त्यांनासुद्धा. मन चांगलं ठेवणारं सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन नावाच्या कच्च्या मालापासून बनतं. दाह वाढला की एक एन्झाइम हा माल दुसऱ्या वाटेला वळवतं. त्या वाटेच्या शेवटी मायक्रोग्लिया क्विनोलिनिक ॲसिड बनवतात, जे चेतापेशींना अति उत्तेजित करतं आणि आणखी फ्री रॅडिकल तयार करतं. फ्री रॅडिकलमुळे पेशींचं नुकसान झालं की मायक्रोग्लिया पुन्हा चिडतात. दाहातून गंज, गंजातून दाह, असं चक्र.

स्किझोफ्रेनियातही या गंजाच्या खुणा सापडल्या आहेत. अनेक अभ्यासांत पेशंटमध्ये ग्लुटाथायोन कमी आढळलं. आणि २००७ मध्ये होसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी असा आजार दाखवून दिला, ज्यात शरीराच्या अँटीबॉडी मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर हल्ला करतात. तरुण मुली एकदम भ्रमिष्ट होतात, भास होतात. हे दुखणं कित्येकदा निव्वळ मानसिक समजलं जायचं. रोगप्रतिकारशक्ती शांत करणारे उपचार दिले की त्यातल्या बऱ्याच जणी बऱ्या होतात.

मग डिप्रेशनवर सूज उतरवायची गोळी दिली की झालं? इतकं सरळ नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत ६० पेशंटवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधांनी बरं न वाटणारे हे डिप्रेशनचे पेशंट. त्यांना इन्फ्लिक्सिमॅब नावाचं, संधिवातात वापरतात ते दाहविरोधी औषध दिलं. सगळ्यांचा हिशेब एकत्र केला तर साध्या सलाईनपेक्षा काही फरक दिसला नाही. पण ज्यांच्या रक्तात सीआरपी, म्हणजे दाह मोजायची ती कोविडमध्ये सगळ्यांना पाठ झालेली टेस्ट, मुळातच जास्त होती, त्यांना बरं वाटल्याचं दिसलं. डिप्रेशनच्या साधारण चारातल्या एका पेशंटमध्येच सीआरपी वाढलेलं असतं. बाकीच्यांमध्ये गणित वेगळंच असणार. त्यामुळे मेडिकलमधून अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या आणून चालू औषधं बंद करायचा विचार कुणी करत असेल, तर तो डोक्यातून काढून टाकावा. नऊ पेशंटपैकी सहा सुधारले म्हणून सगळ्यांना मलेरिया देण्यासारखंच ते आहे.

पेनिसिलिन आणि शेवटची वर्षं

वाग्नर १९२८ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडलं. १९४३ मध्ये ते उपदंशावर चालतं हे सिद्ध झालं आणि मुद्दाम मलेरिया देण्याची गरज संपत गेली.

ते बघायला वाग्नर नव्हते. त्यांची शेवटची वर्षं वाचताना मात्र वाचणाऱ्याची पंचाईत होते. ज्यांच्यामुळे हजारो जण मरणाच्या दारातून परतले, तेच वाग्नर वंशशुद्धीच्या विचारांचे होते. वंशसुधारणेचा प्रचार करणाऱ्या ऑस्ट्रियन संघटनेचे ते अध्यक्ष होते आणि आनुवंशिक आजार असलेल्यांची नसबंदी करावी या मताचे होते. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. १९४० मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, वाग्नर यांनी नाझी पक्षाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला. त्यांची पहिली बायको ज्यू होती.

२७ सप्टेंबर १९४० रोजी व्हिएन्नात त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी नाझी राजवट जर्मनीत आणि ऑस्ट्रियात मनोरुग्णांना गॅस देऊन मारत होती. अशा केंद्रांपैकी एक होतं हार्टहाइमचा वाडा. वाग्नर यांच्या वेल्स गावापासून ते फार लांब नाही.

युद्धानंतर ऑस्ट्रियाने हे सगळं बाजूला ठेवून त्यांना थोर पुरुष करून टाकलं. १९५३ च्या ५०० शिलिंगच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला. लिंझ शहरातल्या मोठ्या मानसोपचार रुग्णालयाला त्यांचं नाव दिलं. पुढे त्यांच्या नाझी संबंधांवर प्रश्न आले, चौकशी झाली, बाजूने आणि विरोधात बरंच लिहिलं गेलं. २०१५ च्या अखेरीस ते रुग्णालय लिंझच्या केप्लर विद्यापीठाच्या रुग्णालयात विलीन झालं. आता त्याला न्यूरोमेड कॅम्पस म्हणतात.